गिटारवाल्याची वायर आणि तिसरी पिन



तुमच्यापैकी पुष्कळांनी माथेरान पाहिले असेल. मोटारगाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच येतात. तेथून पुढे लाल मातीचा रस्ता लागतो, आणि सामान न्यायचे ते घोड्यावर, हातगाडीवर, नाही तर हमालाच्या डोक्यावर. नेरळहून वर येणारी छोटी आगगाडी १९०७ साली सुरू झाली. पण पावसाळ्यात तीही घाटात बंद असते. अशा गावी एखाद्या हॉटेलात संध्याकाळचा गाण्याचा कार्यक्रम ठरला, की वादक मंडळींना आपली वाद्ये, अँप्लिफायर आणि तारांची भेंडोळी या मार्गाने वर न्यावी लागतात. प्रत्येक डाग कोणाला तरी उचलावा लागतो, आणि त्याचे पैसे मोजावे लागतात.

मग निघताना गिटारवादक विचार करू लागतो. गिटार तर हवीच. अँप्लिफायरही हवा. ओझे कमी करायचे तर कशाचे? त्याची नजर जाते ती कोपऱ्यातल्या एक्स्टेंशन बोर्डाकडे आणि त्याच्या जाड केबलकडे. "हे राहू दे. बारीक वायरचा बोर्ड घेऊ, नाही तर तिकडे हॉटेलात मिळेलच एखादा!" असे म्हणून तो निघतो.

माझ्या मते येथेच त्याची चूक होते. हजारो रुपयांची गिटार निवडताना तो चार दुकाने हिंडतो, वाजवून पाहतो, जाणकारांना विचारतो. पण ज्या वायरवर त्याचा कार्यक्रम आणि त्याचा जीव दोन्ही अवलंबून असतात, ती वायर मात्र हाताला येईल ती घेतो. बोर्ड आणि वायर ही वाद्याबरोबर येणारी किरकोळ वस्तू नसून वाद्याचाच भाग आहे, आणि ती हिशेब करूनच निवडली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. हा हिशेब अवघड नाही. तुमच्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातील दोन सूत्रांवर तो होतो. चला, आपण तो करून पाहू.

भेंडोळ्यात तांबे किती?

प्रथम ओझ्याचाच प्रश्न घेऊ. समजा, वादकाला २५ मीटर लांबीची केबल हवी आहे. तिच्यात तीन तारा असतात: वीजयुक्त तार, तटस्थ तार आणि भूसंपर्क तार. वायरमन त्यांना फेज, न्यूट्रल आणि अर्थ म्हणतो. म्हणजे तांब्याची एकूण लांबी झाली ७५ मीटर. प्रत्येक तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ १.५ चौरस मिलिमीटर असेल, तर तांब्याचे आकारमान होते सुमारे ११२ घनसेंटिमीटर. तांब्याची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ९ ग्रॅम. गुणाकार करा. उत्तर येते जवळजवळ १ किलोग्रॅम.

आता वादकाने अर्ध्या जाडीची, म्हणजे ०.७५ चौरस मिलिमीटरची केबल घेतली, तर तांबे लागेल अर्धा किलो. वरचे प्लॅस्टिकचे आवरणही थोडे कमी होईल, ते वेगळे. म्हणजे तांब्यापुरती त्याची बचत झाली अर्ध्या किलोची. माथेरानला जाणारा प्रवासी पाण्याची बाटली घेऊन चढतो, तीही याहून जड असते.

या अर्ध्या किलोच्या बदल्यात त्याने काय गमावले, ते पाहू. तांब्याची १ मीटर लांबीची आणि १ चौरस मिलिमीटर छेदाची तार घेतली तर तिचा रोध साधारण ०.०१७२ ओहम असतो. वीज वायरमधून जाते आणि परतही येते, म्हणून २५ मीटरच्या केबलमध्ये तिचा प्रवास ५० मीटरचा होतो. यावरून ०.७५ च्या केबलचा रोध येतो सुमारे १.१५ ओहम, आणि १.५ च्या केबलचा सुमारे ०.५७ ओहम.

"एक ओहमने काय होणार?" असे तुम्ही म्हणाल. वायरमधून ५ अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता काढण्यासाठी प्रवाहाचा वर्ग करून त्याला रोधाने गुणायचे. हा जूलचा नियम. बारीक वायरमध्ये दर सेकंदाला सुमारे २९ जूल, म्हणजे २९ वॅट शक्ती नुसती वायर तापवण्यात जाते. जाड वायरमध्ये जाते १४ वॅट. हे प्रमाण चिंता करण्याजोगे नाही खरे. पण प्रवाह वाढला की चित्र कसे पालटते, ते पुढे दिसेल. कारण या सूत्रात प्रवाहाचा वर्ग आहे, आणि सारी मेख त्या वर्गात आहे.

डोंगराच्या पायथ्याचा धडा

हा वर्ग किती महत्त्वाचा आहे, याची साक्ष माथेरानच्या आसपासच मिळते. माथेरान कर्जत तालुक्यात येते. शेजारच्या खालापूर तालुक्यात खोपोली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतील पाणी घाटावरून ५०० मीटरहून अधिक खाली आणून ते जलचक्रांवर सोडले जाते. नंतर १९२२ साली कर्जत तालुक्यातच भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. ही वीज जायची होती मुंबईच्या गिरण्यांना, म्हणजे कित्येक कोस दूर.

एवढ्या लांबच्या तारांत सगळी वीज उष्णता होऊन वाया जाऊ नये म्हणून अभियंत्यांनी काय केले? त्यांनी खोपोलीची वीज सुमारे १ लाख व्होल्ट दाबाने पाठवली. दाब वाढवला की तेवढीच शक्ती कमी प्रवाहात नेता येते. प्रवाह दहापट कमी झाला, तर तारेतील नुकसान शंभरपट कमी होते. हीच त्या वर्गाची किमया.

गिटारवादकाला हा मार्ग मोकळा नाही. त्याला सॉकेटमधून २३० व्होल्टच मिळतात. मग त्याच्या हाती उरते काय? वायर जाड घेणे, वायर आखूड ठेवणे आणि प्रवाह मर्यादेत ठेवणे. या तीनच गोष्टी.

छिद्रे मोजू नका, अँपिअर मोजा

बाजारात बोर्ड घ्यायला गेलात की दुकानदार सांगतो, "हा चार सॉकेटचा, हा सहाचा, हा आठाचा." जणू सॉकेटच्या संख्येवर बोर्डाची ताकद ठरते! वास्तविक बोर्डाला जी एक वायर आणि जी एक पिन असते, तिची जेवढी ताकद तेवढीच साऱ्या बोर्डाची. पिन ६ अँपिअरची असेल, तर सॉकेट चार असोत वा आठ, सगळ्यांना मिळून ६ अँपिअरच मिळणार. एका नळाला आठ तोट्या लावल्या म्हणून टाकीतून येणारे पाणी आठपट होत नाही.

आता एका छोट्या वाद्यवृंदाचा हिशेब करू. समजा, गिटारचा अँप्लिफायर १५० वॅट घेतो, बेस गिटारचा ३००, कीबोर्ड ३०, गिटारवादकाच्या पायाजवळची पेडल २०, मिक्सर ५० आणि गायकाच्या आवाजासाठी लावलेला अँप्लिफायर ६०० वॅट. बेरीज झाली १,१५० वॅट. २३० ने भागले की बरोबर ५ अँपिअर येतात. ६ अँपिअरच्या बोर्डावर हे चालेल, पण फारशी मोकळीक उरत नाही. आणि संगीतात ढोलाचा ठोका पडला की अँप्लिफायर क्षणभर अधिक प्रवाह ओढतो, हेही ध्यानात ठेवावे.

एवढ्यात कोणीतरी येतो आणि रिकामे सॉकेट पाहून ५०० वॅटचे दोन दिवे त्याच बोर्डाला लावतो. आणखी १,००० वॅट! प्रवाह झाला ९.३ अँपिअरच्या पुढे. आता मघाचे सूत्र पुन्हा लावा. ०.७५ च्या त्याच केबलमध्ये २९ वॅटऐवजी जवळजवळ १०० वॅट उष्णता निर्माण होऊ लागते. प्रवाह दुपटीलाही पोचला नाही, पण उष्णता साडेतीनपट झाली!

ही केबल जमिनीवर मोकळी पसरलेली असेल, तर उष्णता हवेत निघून जाईल. पण उरलेली दहा-पंधरा मीटर वायर गुंडाळून अँप्लिफायरमागे ठेवलेली असेल किंवा रिळावरच असेल, तर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडायला जागा राहत नाही. आवरण मऊ पडते आणि अखेर वितळते. म्हणून नियम असा की, वायर कितीही लांब असली तरी कार्यक्रमाच्या वेळी ती पूर्ण उलगडून ठेवावी, आणि दिव्यांना, चहाच्या किटलीला, पंख्यांना वेगळ्या सॉकेटवरून वीज द्यावी. नुसती किटली १,५०० वॅट, म्हणजे साडेसहा अँपिअर ओढते.

सैल सॉकेट

बोर्डाला आग लागल्याचे आपण ऐकतो, तेव्हा बहुधा दोष वायरच्या मध्यभागी नसतो, सांध्यात असतो. सॉकेटच्या आतील पितळी पट्ट्या सैल पडल्या की त्या पिनला नीट पकडत नाहीत. समजा, अशा सैल जोडाचा रोध अर्धा ओहम झाला. ५ अँपिअर प्रवाहाला तेथे साडेबारा वॅट उष्णता निर्माण होते, आणि तीही नखाएवढ्या जागेत! रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची लहान डाखणी एवढ्याच सुमाराच्या शक्तीवर कथील वितळवते.

म्हणून बोर्ड घेताना पिन घालून पाहा. ती घट्ट बसली पाहिजे. कोणत्याही देशाची पिन चालेल अशी मोठी छिद्रे असलेले सॉकेट सोयीचे वाटते, पण जे सगळ्यांना बसते ते पुष्कळदा कोणालाच घट्ट पकडत नाही. वापरताना पिन कोमट लागली, प्लॅस्टिक पिवळे-तपकिरी पडले किंवा जळका वास आला, तर त्या बोर्डाचे आयुष्य संपले असे समजावे.

गिटारच्या तारा कोठे जोडलेल्या असतात?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. विजेच्या गिटारमध्ये तारांच्या खाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्यात अत्यल्प विद्युत्दाब निर्माण होतो. हे फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्व. हा अल्प दाब अँप्लिफायर मोठा करतो.

पण वेटोळ्याला गाण्याची तार आणि भिंतीतली विजेची तार यांतला फरक कळत नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तने घेते. तिचेही क्षेत्र पिकअपमध्ये शिरते आणि कर्ण्यातून 'हम्म्' असा घुमणारा आवाज येतो. वादक त्याला हमिंग म्हणतात. तो कमी व्हावा म्हणून बहुतेक विजेच्या गिटारमध्ये तारा ज्या धातूच्या घोडीवर टेकतात ती घोडी आतून एका वायरने अँप्लिफायरच्या धातूच्या पेटीला जोडलेली असते. ती पेटी तिसऱ्या पिनेतून जमिनीला जोडलेली असते. गिटारवादकाने तारांना हात लावला की हमिंग कमी होते, हे तुम्ही कधी ऐकून पाहा.

याचा अर्थ नीट समजून घ्या. गिटार वाजवणाऱ्याची बोटे अँप्लिफायरच्या पेटीला वायरने जोडलेली असतात. इस्त्रीला, मिक्सरला आपण अधूनमधून हात लावतो. गिटारवादक मात्र तासन् तास आपले यंत्र हातात धरून असतो. आणि गाताना त्याचे ओठ मायक्रोफोनच्या धातूच्या जाळीला लागतात. त्या मायक्रोफोनची जोडणी दुसऱ्याच यंत्राकडे, दुसऱ्याच सॉकेटकडे गेलेली असते.

समजा, अँप्लिफायरच्या आत एखादी वीजयुक्त तार सुटून पेटीला चिकटली. तिसरी पिन जागेवर असेल, तर त्या वाटेने एकदम मोठा प्रवाह जमिनीत जातो, वितळतार वितळते आणि अँप्लिफायर बंद पडतो. कार्यक्रम थांबतो, माणूस वाचतो. तिसरी पिन नसेल तर? काहीच घडत नाही! अँप्लिफायर चालूच राहतो. पेटी २३० व्होल्टवर, गिटारच्या तारा २३० व्होल्टवर आणि कोरड्या सतरंजीवर रबरी बुटांत उभ्या असलेल्या वादकाला त्याचा पत्ताही नाही. मग तो पुढे वाकतो आणि त्याचे ओठ मायक्रोफोनला लागतात. प्रवाहाला वाट मिळते: बोटांतून हातात, हातातून छातीतून ओठांकडे.

घामेजलेल्या शरीराचा रोध १,५०० ओहम धरला, तर प्रवाह येतो सुमारे १५० मिलिअँपिअर. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून काही क्षण वाहिले तरी हृदयाचे ठोके विस्कटून जाऊ शकतात. आणि वितळतारेला हे कळतसुद्धा नाही. ती थांबली आहे ६ अँपिअरची वाट पाहत. १५० मिलिअँपिअर तिच्या लेखी शून्यच. वितळतार वायरचे रक्षण करते. माणसाच्या शरीरातून जाणारा प्रवाह तिला दिसत नाही.

हे केवळ कागदावरचे नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी या गावी 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा लेस हार्वे हा गिटारवादक रंगमंचावर होता. हातात गिटार असताना त्याने अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श केला. त्यात त्याचा मृत्यू झाला. तो २७ वर्षांचा होता. त्यापूर्वी डिसेंबर १९६५ मध्ये अमेरिकेतील सॅक्रामेंटो येथे 'रोलिंग स्टोन्स'चा कीथ रिचर्ड्स हा गिटारवादकही असाच झटका बसून बेशुद्ध पडला. सुदैवाने तो वाचला. एकदा अँप्लिफायरकडचे अर्थिंग नसते, एकदा मायक्रोफोनकडचे. माणूस मात्र दोन्ही वेळा मधेच असतो.

पिन कापणारे काय म्हणतात?

एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी पडद्यामागे उभा होतो. अँप्लिफायरच्या पिनकडे सहज लक्ष गेले. तिसरी, जाड पिन पक्कडीने साफ कापून टाकलेली होती. विचारले, तर वाजवणारा मुलगा म्हणाला, "सर, ती असली की हमिंग येते. काढली की आवाज स्वच्छ!"

तो खोटे बोलत नव्हता. आवाज खरोखर स्वच्छ झाला होता. गिटारचा अँप्लिफायर एका भिंतीच्या सॉकेटवर आणि मिक्सर दुसऱ्या भिंतीच्या सॉकेटवर असला, की दोघांच्या भूसंपर्क तारा आणि त्यांना जोडणारी आवाजाची वायर मिळून एक मोठे वेटोळे तयार होते. त्या वेटोळ्यात ५० आवर्तनांचा अल्प प्रवाह फिरतो आणि हमिंग होऊन ऐकू येतो. पिन कापली की वेटोळे तुटते. पण त्याबरोबर वादकाची ढालही तुटते. ताप उतरावा म्हणून तापमापकच फोडण्यापेक्षाही हे वाईट, कारण येथे जे फोडले जाते तेच आपले औषध असते.

खरा उपाय फार साधा आहे, आणि तो बोर्डाच्या निवडीतच आहे. गिटार, बेस, कीबोर्ड आणि मिक्सर या सगळ्यांना एकाच जागेवरून वीज द्या. एक चांगला जाड केबलचा मुख्य बोर्ड, आणि त्यातून थेट प्रत्येकाकडे जाणारी वायर. बोर्डाला बोर्ड, त्याला आणखी एक बोर्ड अशी आगगाडी करू नका. सगळ्यांच्या भूसंपर्क तारा एका ठिकाणी मिळाल्या की वेटोळे लहान होते आणि हमिंग बहुधा खाली येते. एवढ्यानेही ते गेले नाही, तर आवाजाच्या वायरमध्ये बसवायची विलगक ट्रान्सफॉर्मरची छोटी पेटी मिळते. तोडायचेच असेल तर आवाजाच्या वायरमधले वेटोळे तोडा, विजेच्या वायरमधली अर्थ कधीही तोडू नका.

"इतकी वर्षे वाजवतोय, काही झाले नाही," असेही ऐकू येते. पण तिसरी पिन रोज काम करण्यासाठी नसतेच. ज्या एका दिवशी अँप्लिफायरच्या आत तार सुटेल, त्या दिवसासाठी ती असते. तो दिवस आधी कळवून येत नाही.

न्यायाने एक सांगितले पाहिजे. काही लहान यंत्रांना मुळातच दोन पिना असतात. त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर आत दुहेरी आवरण आहे असे समजावे. त्यांना तिसरी पिन लागत नाही. पण ज्या यंत्राला कारखान्याने तीन पिना दिल्या, त्याच्या तीनही राहिल्या पाहिजेत. ती तिसरी पिन इतर दोघींहून जाड आणि लांब का असते, ठाऊक आहे? जाड, म्हणजे ती चुकून वीजयुक्त छिद्रात जाऊ नये. आणि लांब, म्हणजे पिन घालताना जमिनीशी संबंध सर्वांत आधी जुळावा आणि काढताना सर्वांत शेवटी तुटावा. तिच्या आकारातच रक्षणाचा विचार आहे.

जमीन कोरडी असते तेव्हा

वादकाने आपल्याकडून सर्व केले तरी अर्धे काम यजमानाचे असते. माथेरानचा माथा जांभ्या दगडाचा आहे. पावसाळ्यात तेथे धो धो पाऊस पडतो, पण जांभा सच्छिद्र असल्याने पाणी लवकर निचरून जाते, आणि उन्हाळ्यात, म्हणजे पाहुण्यांच्या आणि गाण्यांच्या ऐन हंगामात, माती कोरडी ठणठणीत असते. कोरड्या मातीचा रोध जास्त. समजा, एखाद्या इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध २५ ओहम झाला. वीजयुक्त तार पेटीला चिकटली, तर त्या वाटेने जाणारा प्रवाह २३० भागिले २५, म्हणजे जेमतेम ९ अँपिअर. १६ अँपिअरची वितळतार असेल तर ती वितळणारच नाही, आणि तिसरी पिन असूनही पेटी धोकादायक दाबावर राहील!

म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत राहावे आणि वायरमनकडून त्याचा रोध मोजून घ्यावा. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचे गळती-विच्छेदक बसवावे. वायरमन त्याला आरसीसीबी म्हणतात. हे यंत्र फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची सतत तुलना करते. जमाखर्चात ३० मिलिअँपिअरची तूट आली, म्हणजे वीज भलत्या वाटेने, कदाचित एखाद्या माणसातून, जमिनीकडे चालली आहे असे समजून ते सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. वितळतारेला जे दिसत नाही ते याला दिसते. मात्र कोणी एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्ही धरले, तर त्याला फरक कळत नाही. म्हणून ते तिसऱ्या पिनेची जागा घेऊ शकत नाही. दोघे मिळून काम करतात.

माथेरानसारख्या ठिकाणी या सावधगिरीचे मोल अधिक आहे. काही विपरीत घडले, तर मोठ्या रुग्णालयासाठी घाट उतरावा लागतो. विजेच्या झटक्याने थांबलेले हृदय तेवढा वेळ वाट पाहत नाही.

मग निवड कशी करावी?

मी गिटारवादक असतो, तर असे केले असते. तिन्ही तारा तांब्याच्या असलेली, वर जाड रबरी किंवा प्लॅस्टिकचे गोल आवरण असलेली, १.५ चौरस मिलिमीटरची केबल घेतली असती. दुकानात अजून काही जण जुन्या पद्धतीने 'तेवीस शहात्तर', 'चाळीस शहात्तर' अशी नावे सांगतात. त्यांचा अर्थ एका तारेत २३ किंवा ४० केस, आणि प्रत्येक केस ०.००७६ इंच, म्हणजे ०.१९३ मिलिमीटर जाडीचा. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र लावून पाहा: 'तेवीस शहात्तर' येते सुमारे ०.६७ आणि 'चाळीस शहात्तर' सुमारे १.१७ चौरस मिलिमीटर.

केबल लागेल तेवढीच लांब घेतली असती. तिच्यावर आणि बोर्डावर आयएसआय चिन्ह पाहिले असते. बोर्डाला स्वतःचे विच्छेदक आहे ना, पिना घट्ट बसतात ना, केबल बोर्डात शिरते तेथे ती ओढली तरी जोडावर ताण येणार नाही अशी पकड आहे ना, हेही पाहिले असते. 'स्पाईक गार्ड' असे लिहिलेला बोर्ड दाबाचे छोटे उसळे शोषून घेतो, ते चांगलेच. पण आकाशातील विजेपुढे त्याचे काही चालत नाही. वळवाचा गडगडाट सुरू झाला, की पिन सॉकेटमधून काढणे हाच उपाय. आणि मोकळ्या हिरवळीवर कार्यक्रम असेल, तर बोर्ड ओल्या जमिनीवर न ठेवता लाकडी खोक्यावर ठेवला असता.

तुमच्याकडे एक काम

तुम्ही म्हणाल, "आम्ही कुठे माथेरानला गिटार वाजवायला जातो?" पण तुमच्या शाळेत स्नेहसंमेलन होते, गल्लीत गणेशोत्सव होतो, आणि तेथेही हेच बोर्ड, हेच अँप्लिफायर येतात. कोणतीही पिन किंवा बोर्ड उघडू नका, आणि घरच्या विजेवर कोणताही प्रयोग करू नका. ते वायरमनचे काम आहे. पण डोळे उघडे ठेवायला आणि हिशेब करायला परवान्याची गरज नाही. प्रत्येक यंत्राच्या पाठीमागे किती वॅट लिहिले आहेत ते वहीत टिपा, बेरीज करा, २३० ने भागा, आणि बोर्डावरच्या अँपिअरच्या आकड्याशी ताडून पाहा. किती पिना दोनच पायांच्या आहेत आणि त्यांतल्या किती कापलेल्या आहेत, ते मोजा.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, ओहम आणि जूल यांचे नियम शिकवताना हा हिशेब एकदा सभागृहातल्या खऱ्या बोर्डावर करून घ्यावा. आणि मुख्याध्यापकांनी, उत्सवाच्या मंडळांनी, हॉटेलच्या व्यवस्थापकांनी एक साधा नियम करावा: तिसरी पिन कापलेले यंत्र आमच्या रंगमंचावर लागणार नाही. वाजवणारा कितीही नावाजलेला असो. दोन मिनिटे कुरकुर होईल, कदाचित थोडे हमिंगही ऐकावे लागेल. ते आपण ऐकू.

त्या स्नेहसंमेलनातल्या मुलाने माझ्या सांगण्यावरून तीन पिनांची नवी पिन वायरमनकडून लावून घेतली आणि अँप्लिफायर मिक्सरच्याच बोर्डावर आणला. हमिंग पूर्ण गेले नाही, पण कमी झाले. पहिले गाणे सुरू होताच ते ऐकू येईनासे झाले.